एकच गाडी, एकच सॉफ्टवेअर. मग गोंदे ते दिंडोरी नाका एवढा फरक का?

गंगाघाटकर

सर्वांना नमस्कार. प्रश्न गाडीचा असला तरी धागा ‘कोणती गाडी घेऊ’ या प्रकारचा नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी घेतलेल्या माझ्या गाडीत लेव्हल २ म्हणतात ती चालक साहाय्य प्रणाली आहे. पुढच्या वाहनापासून अंतर राखणे, लेनच्या मधोमध राहणे आणि टक्कर होईलसे वाटल्यास स्वतःहून ब्रेक लावणे ही तिची कामे. काचेमागे एक कॅमेरा आणि बंपरमध्ये एक रडार, एवढाच तिचा संसार. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चर्चा लगेच ‘आमची चांगली, तुमची वाईट’ या वळणावर जाते.

महिन्यातून दोनदा मी समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला जातो. गोंद्याच्या इंटरचेंजवर (सिन्नरचे गोंदे, वाडीवऱ्हेजवळचे नव्हे) गाडी वर चढली आणि वेग १२० वर बांधला की पुढचा सगळा रस्ता ती इतकी शहाण्यासारखी चालते की आपणच तिच्यापेक्षा वाईट चालवतो अशी शंका येते. तीच गाडी परतताना नाशिकमध्ये द्वारका चौक ओलांडून पंचवटीत शिरली, की पहिल्यांदाच शहरात आलेल्या पाहुण्यासारखी भांबावते. मागच्या आठवड्यात दिंडोरी नाक्याच्या अलीकडे माझ्यापुढे कांद्याची ट्रॉली चालली होती. तिच्यावरची निळी ताडपत्री मागे लोंबत होती आणि वाऱ्याने वरखाली होत होती. अंतर भरपूर, वेग जेमतेम तीस. तरीही एका क्षणी गाडीने असा करकचून ब्रेक लावला, की मागचा रिक्षावाला माझ्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने उतरून मला जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही, आणि त्याचे काही चुकलेही नव्हते.

शोरूममध्ये तक्रार केली तेव्हा ‘सर, आपले रस्तेच तसे आहेत’ एवढे एकच उत्तर मिळाले. मला हे उत्तर अर्धवट वाटते. रस्ता वाईट असेल तर माझा अडतीस वर्षे गाडी चालवणारा चुलता तेथे का चुकत नाही? सॉफ्टवेअर एकच असताना त्याची हुशारी जागेप्रमाणे का बदलते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

निमाणी स्टॉप

आधी एक खुलासा. लेव्हल २ मध्ये चालक तुम्हीच असता आणि जबाबदारीही पूर्ण तुमचीच असते. एसएई या संस्थेने शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत आणि तिसऱ्या पायरीपासून पुढेच, ठरावीक परिस्थितीत का होईना, यंत्र खऱ्या अर्थाने गाडी चालवते. त्यामुळे ‘गाडीने ब्रेक लावला’ असे म्हणून आपली सुटका होत नाही. शहरात शिरताना ते बटण बंद करावे आणि विषय मिटवावा. टेस्लाने २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत बीकेसीला दालन उघडले, तेव्हा किंमतपत्रकात पूर्ण स्वयंचलनाच्या नावाने सहा लाख रुपयांचा पर्याय होता आणि ती सोय येथे प्रत्यक्षात वापरता येत नव्हती. यावरून काय ते समजा.

चौकटी आखणारी

गंगाघाटकर, तुमच्या प्रश्नाचे एक टोक माझ्या रोजच्या कामात आहे, म्हणून लिहिते. मी नाशिकमध्येच चित्रांवर खुणा करण्याचे, म्हणजे ॲनोटेशनचे काम करते. गाडीच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखायची आणि ती कार, ट्रक, सायकल की पादचारी हे लिहायचे. अशी लाखो चित्रे दाखवून सॉफ्टवेअरला शिकवले जाते. त्याला रस्त्याविषयी जे काही कळते ते या चित्रांतूनच, आणि ही चित्रे कोणत्या ना कोणत्या गावची असतात. खरा मुद्दा येथे आहे.

या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरला गेलेला किटी नावाचा चित्रसंच जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात आणि त्याच्या आसपास टिपलेला आहे आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. नंतरच्या सिटीस्केप्समध्ये पन्नास शहरे आहेत, पण तीही बहुतेक जर्मनीतलीच. न्यूसीन्स या संचात बॉस्टन आणि सिंगापूर आहेत. या सगळ्यांत रिक्षा शोधायला गेलात तर दिवस मावळेल. भारतीय रस्त्यांसाठी ट्रिपल आयटी हैदराबादने इंटेलसोबत एक संच तयार केला, त्यात हैदराबाद, बंगळूरू आणि त्यांच्या परिसरातली दहा हजार चित्रे ३४ प्रकारांत वर्गवारी करून दिली आहेत. त्यात रिक्षाला स्वतंत्र खाते आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. जर्मन संचात रस्ता संपतो तेथे फुटपाथ सुरू होतो आणि मधली रेघ स्वच्छ असते. आपल्याकडे डांबर संपल्यावर साइडपट्टी लागते, जी रस्ता नाही आणि रस्ता नाही असेही नाही. समोरून एसटी आली की आपण सगळे तिच्यावरच उतरतो. त्या संचात ‘गरज पडल्यास गाडी घालता येईल अशी जागा’ असा वेगळा प्रकार करावा लागला, तो यासाठीच. कार्ल्सरूहेत शिकलेल्या सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात साइडपट्टी हा शब्दच नसतो.

आता तुमच्या ट्रॉलीकडे येते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना एक चौकट की दोन? ट्रॉलीत कांद्याच्या गोण्यांवर बसलेली माणसे ‘पादचारी’ की ‘स्वार’? आमच्याकडे येणाऱ्या सूचनापुस्तिका परदेशी गिऱ्हाइकाने लिहिलेल्या असतात आणि त्यात याचे उत्तर नसते. मग आम्ही दुपारच्या चहाच्या वेळी आपसांत ठरवतो आणि तसे वर कळवतो. तुमच्या गाडीचे सॉफ्टवेअर असेच कोणाच्या तरी चहाच्या वेळी ठरलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

गंगाघाटकर

ताई, हे फारच उपयोगी आहे. पण एक शंका. रिक्षा किंवा ट्रॉली अनोळखी असेल हे समजले. साधी कार तर जर्मनीत काय आणि नाशिकमध्ये काय, कारच ना? तेथे तरी फरक पडू नये.

चौकटी आखणारी

पडतो, आणि तो मोजलेला आहे. कॉर्नेल विद्यापीठातील आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी २०२० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लायडारच्या (लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने समोरची वाहने ओळखून त्यांचे अंतर आणि आकार सांगणारी प्रणाली त्यांनी जर्मनीतल्या नोंदींवर शिकवली आणि अमेरिकेतल्या नोंदींवर तपासली. ती चांगलीच घसरली. कारणे हवामान, झाडे, रस्त्याची रुंदी अशी काहीही असू शकली असती, पण मुख्य कारण निघाले ते असे, की अमेरिकेतल्या गाड्याच सरासरीने मोठ्या. जर्मन गाड्यांची लांबीरुंदी त्या प्रणालीच्या मनात इतकी पक्की बसली होती, की समोर अमेरिकी गाडी दिसत असूनही ती तिला जर्मन मापाची चौकट घालत होती. तेथल्या गाड्यांची सरासरी मापे सांगून दुरुस्ती केल्यावर बरीच सुधारणा झाली.

आता आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या, छोटा हत्ती आणि मागचा फाळका उघडा टाकून चाललेली पिकअप यांचे काय होत असेल, याचा विचार आपणच करावा.

उपनगर ते फ्रीमाँट

मी मूळचा उपनगरचा, सध्या कॅलिफोर्नियात आहे आणि वेमोच्या चालकविरहित टॅक्सीने अनेकदा प्रवास केला आहे. ती खरोखर उत्तम चालते. मात्र कोठे चालते हे आधी पाहावे. वेमोने लोकांसाठी सेवा २०१८ च्या डिसेंबरमध्ये फिनिक्सच्या उपनगरांत सुरू केली. तेथे पाऊस नाममात्र, रस्ते रुंद आणि काटकोनात आखलेले, पायी चालणारा माणूस उन्हामुळे दुर्मीळ. सॅन फ्रान्सिस्कोत ती सर्वांसाठी खुली व्हायला २०२४ चा जून उजाडला. या गाड्या आखून दिलेल्या हद्दीतच फिरतात आणि त्या हद्दीतला प्रत्येक रस्ता आधी बारकाईने मोजून त्याचा नकाशा त्यांच्याजवळ ठेवलेला असतो. शहर बदलले म्हणजे केवळ नकाशा बदलला असेही नसते. नव्या शहरात आधी माणूस बसवून महिनोन्महिने गाडी फिरवली जाते.

जागेप्रमाणे शहाणपण कसे बदलते याची एक गमतीची गोष्ट येथलीच आहे. रस्त्यावर कोणी रिव्हर्स घेताना आपल्यावर आदळेल असे दिसले तर हॉर्न वाजवावा, असे या गाड्यांना शिकवले होते. रस्त्यावर ही उत्तम सवय. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वाहनतळावर रात्री सगळ्या वेमो गाड्या परतल्या आणि मागेपुढे होताना एकमेकींना पाहून पहाटे चार वाजता हॉर्न वाजवत बसल्या. शेजारच्या इमारतीतले लोक वैतागले, तेव्हा कंपनीला दुरुस्ती करावी लागली. नियम तोच, जागा बदलली आणि त्याचा अर्थ गेला. मला तर ते ऐकून नाशिकच्या रविवार कारंजाची आठवण झाली. आपल्याकडे हॉर्न म्हणजे ‘मी येथे आहे’ एवढेच. येथे तो वाजला तर भांडण समजतात.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. २०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेंपी येथे उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे आढळले, की गाडीला ती व्यक्ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवत राहिले आणि प्रत्येक वेळी वर्ग बदलला की तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसून नव्याने सुरुवात करत राहिले. झेब्रा पट्ट्यांशिवाय कोणी रस्ता ओलांडेल हे त्या प्रणालीच्या रचनेत धरलेलेच नव्हते. गाडीत चालक बसलेली होती, पण तिचे लक्ष नव्हते. अशा गृहीतकाची गाडी मेन रोडवर आणली तर काय होईल, हे मी सांगायला नको.

निमाणी स्टॉप

मेन रोडवर ती सुरूच होणार नाही, त्यामुळे धोकाही नाही!

चेष्टा सोडून सांगतो. नितीन गडकरी यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये नागपूरला स्पष्ट सांगितले होते, की चालकविरहित गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण त्यामुळे सत्तर-ऐंशी लाख चालकांचा रोजगार जाईल. माझे दोन भाचे टुरिस्ट गाडीवर आहेत, तेव्हा मला हे पटते. सॉफ्टवेअर येथे चालत नाही ही तक्रार नसून सोय आहे, असाही एक पक्ष असू शकतो.

रस्तेवाला निवृत्त

मी रस्त्यांच्या कामात तीस वर्षे काढली, त्यामुळे ‘आपले रस्तेच तसे’ या उत्तरावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. शोरूमवाल्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण त्यात ‘खराब’ याचा अर्थ खड्डे असा घेतला जातो, आणि कॅमेऱ्याला खड्ड्यांपेक्षा पट्ट्यांशी घेणेदेणे असते.

रस्त्यावर पट्टे कोठे, किती रुंदीचे आणि कोणत्या रंगाचे मारायचे याची भारतीय रस्ते परिषदेची संहिता आहे, आयआरसी ३५. थर्मोप्लास्टिक रंग गरम करून ओततात आणि त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. रात्री दिव्याचा उजेड या मण्यांवर पडून चालकाकडे परततो, म्हणून पट्टा चमकतो. पावसात मण्यांवर पाण्याचा पापुद्रा बसला की उजेड भलतीकडे जातो आणि पट्टा नाहीसा होतो. जुलैमध्ये कसारा घाटात किंवा इगतपुरीजवळ रात्री गाडी चालवलेल्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. माणूस तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून चालतो. लेन राखणारी प्रणाली ‘मला पट्टे दिसत नाहीत’ असे सांगून बाजूला होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न सांगता बाजूला होते.

शहरातला प्रकार आणखी वेगळा आहे. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते खोदले, वळवले, पुन्हा भरले की जुने पट्टे खरवडल्यावरही त्यांची सावली राहते आणि शेजारी नवे पट्टे येतात. मग ऊन तिरपे असताना कॅमेऱ्याला दोन लेन दिसतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. माणसाला नवा पट्टा कोणता हे कळते, कारण कालपर्यंत तेथे बॅरिकेड होते हे त्याच्या लक्षात असते. फ्रीमाँटकरांनी सांगितलेला बारकाईचा नकाशा ठेवायचा म्हटले तरी पर्वणीच्या काळात पंचवटीतला कोणता रस्ता एकेरी आणि कोणता पूर्ण बंद, हे पोलिसांच्या अधिसूचनेवर ठरते आणि ऐन वेळी चौकातल्या हवालदाराच्या हातावर. तो हात वाचणे हे वेगळेच शिक्षण आहे.

समृद्धीवर तुमची गाडी का शहाणी होते, त्याचे कारणही यातच आहे. तेथे दुचाकी आणि रिक्षा यांना प्रवेश नाही, दोन्ही बाजूंना कुंपण, चढण्याउतरण्याच्या जागा मोजक्या, वळणे सौम्य. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता बांधताना जे जे वगळले, ते नेमके सॉफ्टवेअरला न येणारे आहे. मात्र एक सावधगिरी सांगतो. अंतर राखणाऱ्या कित्येक प्रणाली जास्त वेगात असताना पूर्ण थांबलेल्या वाहनाला ओळखतीलच असे नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेतच तसा इशारा असतो. रडारला रस्त्याकडेचे खांब, फलक, पुलाचे कठडे सगळेच स्थिर दिसते आणि त्यातला धोक्याचा कोणता हे निवडणे अवघड जाते. पंक्चर होऊन कडेला, अर्धा लेनमध्ये, दिवे न लावता उभा राहिलेला ट्रक ही समृद्धीवरची खरी परीक्षा आहे आणि तेथे शहाणपणाचा हा आभास महागात पडू शकतो.

द्राक्षवेल

सर्वांचे प्रतिसाद वाचनीय आहेत. मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी असून तंत्रज्ञ नाही, तरी एक निरीक्षण नोंदवतो. आमच्याकडे रस्ता महिन्याप्रमाणे बदलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या पिकअप, कांद्याच्या हंगामात ट्रॉल्यांच्या रांगा, पौषात त्र्यंबक रस्त्यावर निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या, चैत्रात मालेगावकडून वणीच्या गडावर रात्रभर अनवाणी चालणारे खान्देशातले भाविक. एकाच जागेवर जूनमध्ये शिकलेले सॉफ्टवेअर चैत्रात परके होईल. ‘जागेप्रमाणे फरक’ असे म्हणताना त्यात तिथीही धरावी लागेल.

उपनगर ते फ्रीमाँट

द्राक्षवेल, अगदी नेमके. तिथीवरून चीन आठवला. टेस्लाने आपली चालक साहाय्य प्रणाली २०२५ च्या फेब्रुवारीत तेथे दिली, पण तेथल्या कायद्यामुळे तेथल्या गाड्यांची चित्रे अमेरिकेत नेता येत नव्हती. तेथल्या रस्त्यांची इंटरनेटवर उपलब्ध असलेली चित्रफीत वापरून शिकवणी केल्याचे कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले होते. ठरावीक वेळी फक्त बससाठी राखीव असणाऱ्या लेन ही तेथली मोठी अडचण ठरली आणि सुरुवातीला काही मालकांना दंडाच्या पावत्या आल्या. रस्ता तोच, पण घड्याळ पाहिल्याशिवाय त्याचा नियम कळत नाही.

चौकटी आखणारी

गंगाघाटकर, तुमच्या ताडपत्रीचा विचार दोन दिवस डोक्यात होता. आता एक अंदाज मांडते; अंदाजच समजावा.

एकाच कॅमेऱ्याने अंतर काढण्याची एक जुनी युक्ती आहे. वस्तू रस्त्याला जेथे टेकते तो बिंदू चित्रात जितका खाली, तितकी ती वस्तू जवळ. ही युक्ती कोठे फसते याचे प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. व्होल्वोची प्राणी ओळखणारी प्रणाली स्वीडनमधल्या सांबरासारख्या मोठ्या प्राण्यांवर तयार झाली होती. २०१७ साली कंपनीनेच सांगितले, की कांगारू उडी मारतो तेव्हा हवेत असल्यामुळे दूर वाटतो आणि टेकला की एकदम जवळ. जमिनीचा आधार धरून चालणाऱ्या हिशेबाला उड्या मारणारा प्राणी ठाऊकच नव्हता.

तुमच्या बाबतीत उलटे झाले असावे. ताडपत्री ट्रॉलीच्या चाकांच्या मागे लोंबत होती. वारा आला आणि तिची कड खाली गेली की चौकटीची खालची बाजू खाली सरकणार. सॉफ्टवेअरला वाटणार, की ट्रॉली अचानक काही मीटर जवळ आली, म्हणजे ती जोरात थांबत आहे. मग ब्रेक. रडारने त्याला अडवायला हवे होते, पण ट्रॉलीचा मागचा भाग गोण्यांचा असेल तर रडारला परत मिळणारा संकेतही लोखंडी पत्र्याइतका ठाम नसणार.

गंगाघाटकर

ताई, हे वाचून मी गाडीतल्या डॅशकॅमची फीत पुन्हा काढून पाहिली. ब्रेक लागला त्या क्षणी ताडपत्रीची कड खरोखर खाली आलेली आहे, जवळजवळ डांबराला टेकलेली, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा वर गेलेली. ट्रॉलीचा वेग बदललेला नाही. गोण्याही तुम्ही म्हणता तशाच आहेत, पत्र्याचा फाळका काढून ठेवलेला. शोरूमला हीच फीत पाठवणार आहे, उत्तर काय येते ते येथे कळवीन. तोवर निमाणी स्टॉप यांचा सल्ला मानून द्वारकेला बटण बंद करतो. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली की ते आपोआप चालू झालेले असते, हा आणखी एक ताप.

तुमच्या कामात असे चित्र आले तर तुम्ही काय करता, एवढे मात्र जाणून घ्यायचे आहे. ताडपत्री चौकटीच्या आत की बाहेर?

चौकटी आखणारी

पुस्तिकेत लिहिले आहे, की वाहनावर लादलेला माल चौकटीच्या आत धरावा. ताडपत्री माल आहे की झाकण, हे लिहिलेले नाही. आमच्या गटातले दोघे ती बाहेर ठेवून चाकांपाशी रेघ मारतात, मी आजवर आत धरत आले. तुमची फीत पाठवता आली तर पाठवा, उद्या चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवते.